झाकण उघडून बघा



पेपरातलं विज्ञानाचं पान हे राशिभविष्याच्या चौकटीचं थोरलं भावंड आहे, असं माझं मत हल्ली पक्कं होत चाललंय. तिकडं 'धनलाभ संभवतो', इकडं 'येत्या पाच वर्षांत माणसाला काम करावं लागणार नाही'. तिकडं शनी वक्री, इकडं यंत्रमानव ताठ. दोन्हीकडं वाचणाऱ्यानं नुसतं वाचायचं, मान डोलवायची आणि कटिंग संपवून कामावर जायचं. फरक असलाच तर एवढा, की राशिभविष्यवाल्याला शेअर विकायचे नसतात.

म्हणून मी काही विज्ञानाच्या विरोधात नाही. ज्यांच्या बापजाद्यांना पोथी दाखवून गप्प बसवलं गेलं त्यांनी विज्ञानाला शिव्या घालणं म्हणजे स्वतःच्या पायातली बेडी घासून लख्ख ठेवणं. विज्ञानाची एक गोष्ट मला मनापासून आवडते. कुणी कितीही मोठा असो, त्यानं काही सांगितलं की दुसरा म्हणतो, थांब, मी करून बघतो. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांनी एलके-९९ नावाचा एक काळपट खडा जगापुढं ठेवला. म्हणाले, ह्यातून वीज नेहमीच्या तापमानाला जराही अडथळ्याशिवाय वाहते. झालं! आता विजेचं बिल नाही, गाड्या हवेत तरंगणार, स्वर्ग खाली येणार. ऑगस्ट संपायच्या आत ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी तोच खडा स्वतः भाजून बघितला आणि सांगितलं, बाबांनो, चमत्कार नाही, तांब्याच्या सल्फाइडची भेसळ आहे. खेळ खलास. कुणाचा मठ जळला नाही, कुणाला वाळीत टाकलं नाही. श्लोकाला ही सोय नव्हती. श्लोक भाजून बघायचं म्हटलं तर १९२७ साल उजाडावं लागलं, आणि महाडला जावं लागलं.

तेव्हा ह्या अंकात आम्ही विज्ञानाचीच रीत विज्ञानाच्या बातम्यांना लावणार आहोत. बातमी आली की झाकण उघडून बघायचं. आत काय आहे ते.

आत बहुतेक वेळा माणूस सापडतो.

ही गंमत नवी नाही. १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात, राणी मारिया थेरेसासमोर, वोल्फगांग फॉन केम्पेलेन नावाच्या गृहस्थानं बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणून मांडलं. एक मोठी पेटी, तिच्यामागं पागोटं घातलेला लाकडी तुर्क. खेळाआधी केम्पेलेन पेटीची दारं एकेक करून उघडायचा. आत दातेरी चाकं, स्प्रिंगा, मागून मेणबत्तीचा उजेड आरपार. सगळ्यांची खात्री पटली की दारं बंद. मग तुर्क हात उचलायचा आणि समोरच्याला हरवायचा. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन त्याच्याशी खेळून हरला. युरोपभर टाळ्या. शहाणीसुरती माणसं म्हणाली, लाकडाला अक्कल आली!

आली कसली. पेटीत माणूस होता. सरकत्या बैठकीवर अंग चोरून बसलेला. एक दार उघडलं की तो दुसरीकडं सरकायचा. आत अंधार म्हणून मेणबत्ती लावायचा आणि तिचा धूर तुर्काच्या पागोट्यातून बाहेर जायचा. टाळ्या लाकडाला, धूर माणसाला. १८५४ मध्ये फिलाडेल्फियात आग लागून ते लाकूड जळालं. धंदा मात्र जळाला नाही.

पुरावा हवा? २००५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन कंपनीनं एक बाजार उघडला. संगणकाला जी बारीकसारीक कामं जमत नाहीत ती जगभरातल्या माणसांना तुकड्या-तुकड्यानं, चिल्लर पैशांत वाटायची. चित्रात मांजर आहे की कुत्रं, सांगा. पावतीवरचा आकडा वाचा. ह्या बाजाराचं नाव काय ठेवलं असेल? 'मेकॅनिकल टर्क'. यांत्रिक तुर्क! चोरानं चोरीच्या दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लावावी तसं. ह्या प्रामाणिकपणाला दाद द्यायलाच हवी. आपल्याकडचा सावकारसुद्धा दुकानाला 'लुबाडणूक स्टोअर्स' म्हणत नाही.

त्याच कंपनीनं पुढं अशी दुकानं काढली की आत शिरायचं, माल उचलायचा, चालू पडायचं. गल्ल्यावर कुणी नाही. वर कॅमेरे, यंत्र सगळं बघतं आणि पैसे आपोआप कापतं. आमच्या वस्तीत माल उचलून चालू पडणाऱ्याला पोलीस स्टेशन दाखवतात, तिकडं त्याला भविष्यकाळ म्हणाले! एप्रिल २०२४ मध्ये बातमी फुटली की त्या भविष्यकाळाच्या पाठीमागं भारतातली सुमारे हजार माणसं पडद्यावर डोळे लावून खरेदीचे व्हिडिओ तपासत बसलेली होती. कंपनी म्हणाली, छे छे, ती काही प्रत्येक गिऱ्हाइकावर नजर ठेवत नव्हती, यंत्राला शिकवण्यापुरतं बघत होती. बरं, असेल. म्हणजे ते यंत्राचे मास्तर होते म्हणायचे. मग मास्तरांचा पगार एकदा विद्यार्थ्याच्या किमतीशेजारी मांडून बघायला हरकत नसावी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये एलॉन मस्कच्या टेस्ला कंपनीनं मोठी जत्रा भरवली. दोन पायांचे यंत्रमानव पाहुण्यांना पेयं ओतून देतायत, गप्पा मारतायत, हातवारे करतायत. जत्रा उठल्यावर कळलं की दूर कुठंतरी माणसं बसून त्यांचे हातपाय हलवत होती. मला विचाराल तर हा शोध मानवजातीसाठी मोलाचा आहे. कोट्यवधी डॉलर खर्चून अखेर त्यांनी वेटर शोधून काढला.

आणि एक बातमी अशी की हसता हसता घास अडकतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. काय गोड बोलतं! शिवी नाही, घाणेरडं नाही, तोंड कसं धुतल्यासारखं. जानेवारी २०२३ मध्ये 'टाइम' नियतकालिकानं सांगितलं ते तोंड कुणी धुतलं. केनियातल्या नैरोबीत पोरं-पोरी बसवली होती. खून, बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार अशा मजकुराचे ढीग वाचायचे आणि प्रत्येकाला लेबल लावायचं, म्हणजे हे घाणेरडं असतं हे यंत्राला कळेल. हातात पडायचे तासाला दोन डॉलरपेक्षा कमी. रात्री झोप नाही.

नीट बघा. जगातला सगळ्यात नवा, सगळ्यात चकचकीत धंदा. त्यातसुद्धा मैला उचलायचं काम निघालंच. आणि ते कुणाच्या डोक्यावर टाकायचं हे त्यांनाही न विचारता कळलं.

आता म्हणाल, ठीकाय, आत माणूस असेल, पण यंत्र तरी निःपक्षपाती आहे ना? त्याला काय कळतं जात? हे वाक्य मी पन्नास जणांच्या तोंडून ऐकलंय आणि पन्नासही जण ज्यांना जात कधी टोचली नाही असे होते. यंत्राला जात कळते. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' ह्या नियतकालिकानं तपासून छापलंय. ओपनएआयच्या नव्या यंत्रापुढं गाळलेल्या जागा भरायला ठेवल्या. हुशार माणूस कोण, गटार साफ करणारा कोण, अशा थाटाच्या. १०५ वाक्यांपैकी ८० ठिकाणी साहेबांनी ठरलेलं उत्तर दिलं. विद्या ब्राह्मणाला, गटार दलिताला. मनूचा पेपर कुठलीही कॉपी न करता ७६ टक्क्यांनी पास! आम्ही म्हणतो, ह्याला आता जानवं घाला आणि मोकळे व्हा.

त्याच लेखात एका तरुण संशोधकाची हकिगत आहे. त्यानं आपल्या अर्जाचं इंग्रजी सुधारायला यंत्राला दिलं. यंत्रानं इंग्रजी सुधारलं, आणि जाता जाता आडनावही सुधारलं. 'शर्मा' करून दिलं! ह्याला म्हणतात समाजसुधारणा. आमच्या कित्येकांनी आडनाव बदलायला गॅझेटच्या खिडकीवर चपला झिजवल्या, भाड्याची खोली मिळावी म्हणून पाटीवरचं नाव खरवडलं. हे यंत्र बसल्या जागी फुकट करून देतं. फक्त तुम्ही मागितलेलं नसतं.

यंत्राचं डोकं फिरलंय असं समजू नका. त्याला जे खायला घातलं तेच ते ओकतं. लाखो-करोडो पानं त्याला चारली. ती पानं कुणी लिहिलेली? ज्यांच्या हातात दोन हजार वर्षं लेखणी होती त्यांनी. आमची आजी लिहायला बसली असती तर तिचंही एखादं पान यंत्राच्या पोटात गेलं असतं. पण ती दुसऱ्यांच्या घरची भांडी घासत होती.

तर मग काय, यंत्रं फोडायची? चरखा घेऊन बसायचं? मुळीच नाही. इथं आपल्यातल्या काही भाबड्या दोस्तांशी मला भांडायचंय. संध्याकाळी कट्ट्यावर बसून 'यंत्रानं माणसाचं वाटोळं केलं' म्हणायची फॅशन आपल्यातही आली आहे. ही फॅशन आपली नाही. ज्याच्या घरी कपडे धुवायला बाई येते त्याला वॉशिंग मशीन निरर्थक वाटू शकतं. बाईला विचारा. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींचा हिशेब मांडला त्या ग्रंथात हा मुद्दा खणखणीत निकालात काढलाय. यंत्राचे तोटे असतील तर तो दोष यंत्राचा नव्हे, ज्या समाजव्यवस्थेत मूठभर लोक त्याचा फायदा लाटतात तिचा आहे. माणसाला जनावराच्या जिण्यातून वर यायचं तर फुरसत पाहिजे, आणि फुरसत यंत्रच देऊ शकतं. म्हणून लोकशाहीवाल्यानं यंत्र कमी करा म्हणायचं नसतं, आणखी आणा म्हणायचं असतं. हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

आम्ही तेच म्हणतो. आणा. पण जिथं पहिल्यांदा यायला पाहिजे तिथं आणा.

कुठं? पायाखाली बघा. रस्त्याच्या मधोमध एक गोल लोखंडी झाकण असतं. ते उघडा.

त्याच्याखाली जे असतं तिथली हवा म्हणजे रसायनशास्त्राचा साधा धडा आहे. मैला कुजतो, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्याचा वास येतो. वाढला की नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो. म्हणजे वास गेला, आता बरं वाटतंय, असं वाटतं तेव्हाच मरण उशाला असतं. आणखी वाढला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. वरचा साथीदार त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो. बातमीत म्हणून मेलेले दोन-दोन, तीन-तीन असतात.

इंग्लंडात कोळशाच्या खाणीत पूर्वी पिंजऱ्यातला पिवळा कॅनरी पक्षी न्यायचे. विषारी वायू असला तर आधी पक्षी लुढकायचा, माणूस पळायचा. १९८६ साली तिथल्या सरकारनं ठरवलं की आता वायू ओळखणारी विजेची यंत्रं आलीत, पक्ष्याला त्रास नको. पक्षी सन्मानानं निवृत्त. आपल्याकडं पक्षी वापरलाच नाही. माणूस असताना पक्ष्याचा खर्च कशाला?

२३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३ चा विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला. खर्च सुमारे ६१५ कोटी. मीही टाळ्या वाजवल्या, सांगतो. 'चंद्रावर कशाला जाता, आधी गटारं बघा' असलं रडगाणं मी गाणार नाही. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. ह्या देशाला २६ किलोची गाडी पावणेचार लाखांहून जास्त किलोमीटरवर, जिथं श्वास घ्यायला हवा नाही अशा ठिकाणी, एकही माणूस न पाठवता उतरवता येते. तिथली माती तपासता येते, त्यात गंधक सापडलं हे इथं बसून कळतं. मग वीस फुटांवरचं गंधक का कळत नाही? चंद्रावर माणसाऐवजी यंत्र. गटारात यंत्राऐवजी माणूस. विद्या तीच, देश तोच. फक्त उतरणाऱ्याचं आडनाव वेगळं.

आणि यंत्र नाही असंही नाही हो! केरळातल्या जेनरोबॉटिक्स कंपनीच्या पोरांनी बनवलंय. २०१८ पासून तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागलं. कॅमेरा लावलेला, वायू मोजणारा, गाळ उपसणारा यांत्रिक हात. माणूस वर उभा राहून पडद्यावर बघत चालवतो. नाव 'बँडिकूट'. म्हणजे आपल्या भाषेत घूस. आता घूस मराठीत बिळात शिरते आणि हिंदीत खिशात. गटारात नेमकी कुठली घूस जास्त खोल शिरली हे ज्यानं त्यानं आपापल्या वॉर्डात बघून ठरवावं.

सरकार काय करतं? सरकार नाव बदलतं. फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पाच्या भाषणात जाहीर झालं की ह्यापुढं 'मॅनहोल' नाही, 'मशीन-होल'. आम्हाला एका विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ च्या ठरावापासून १९९४ पर्यंत सोळा वर्षं डोकी फोडून घ्यावी लागली, घरं जाळून घ्यावी लागली आणि शेवटी नामविस्तारावर भागवावं लागलं. ह्यांनी एका वाक्यात देशातल्या सगळ्या गटारांचं नामांतर केलं. कुठं मोर्चा नाही, कुठं लाठीमार नाही. पुढं योजना आली, तिचं नाव 'नमस्ते'. हात जोडलेले आहेत. घाणीत अजून दुसऱ्याचेच आहेत.

कायद्याची यादी ऐका. १९९३ चा कायदा. मग २०१३ चा कायदा, तो लागू झाला ६ डिसेंबरला. तारीखसुद्धा नेमकी निवडली! तरी जुलै २०२१ मध्ये संसदेत सरकारचं उत्तर की हातानं मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. आम्ही म्हटलं, वा! मग कळलं, 'हातानं मैला साफ करणं' वेगळं आणि 'गटार व सेप्टिक टँकची धोकादायक सफाई' वेगळी. दुसऱ्या रकान्यात ९४१ मेलेले होते. मेले, पण चुकीच्या रकान्यात मेले. व्याख्येच्या बाहेर मेलेल्या माणसाला सरकार कसं ओळखणार?

सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख द्या म्हटलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केले आणि माणूस उतरवणं टप्प्याटप्प्यानं पुरतं बंद करा म्हणून बजावलं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हे थांबवा म्हणून पुन्हा सांगावं लागलं. म्हणजे नऊ वर्षांत मरणाचा भाव तिप्पट झाला. पण झाकण तेच, दोरी तीच.

केम्पेलेनच्या पेटीतला माणूस निदान खेळ संपला की बाहेर यायचा.

आता तुम्ही विचाराल, संपादक महाशय, हसवलंत, रागावलात, पुढं काय? पुढं एक काम सांगतो. क्रांती वगैरे नंतर, आधी अर्ज. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. साध्या कागदावर लिहायचं, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, आपल्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या माहिती अधिकाऱ्याकडं द्यायचा. पिवळ्या रेशनकार्डवाल्याला तेही १० रुपये माफ. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रश्न असे घाला: गटार साफ करायची यंत्रं किती घेतली, कुठल्या साली, किती पैशांना? त्यांतली आज चालू किती? ती चालवायला कुणाला शिकवलं, आणि पूर्वी जो आत उतरत होता त्यालाच ती नोकरी कायम म्हणून दिली का? गेल्या पाच वर्षांत कंत्राटदारामार्फत माणूस आत उतरवल्याबद्दल किती जणांवर गुन्हे दाखल केले?

तिसरा प्रश्न विसरू नका. यंत्र येतं आणि त्याच्या खुर्चीवर दुसराच जाऊन बसतो, हे आपण पुष्कळदा बघितलंय. खड्ड्यात आमचा बाप आणि बटणावर त्यांचा भाचा, असली यांत्रिक प्रगती आम्हाला मान्य नाही.

उत्तरं आली की आमच्याकडं पाठवा. न आली तर न आल्याची तारीख पाठवा, तीही छापू. पुढचा अंक त्याच कागदांचा काढायचा विचार आहे. कविता थोड्या कमी पडल्या तरी चालतील, कवी माफ करोत.

आणि ह्या महिन्याच्या वर्गणीतले १० रुपये आम्हाला कमी पाठवा. तेवढे त्या अर्जाला लावा.

जयभीम.